आधी कान, मग दुकान

हाय-फायचा नाद डेंग्यूसारखा असतो. सीझन आला की डोकं वर काढतो. आणि याचा सीझन म्हणजे बोनस. एरवी शहाण्यासारखी एसआयपी भरणारी माणसं दिवाळीच्या आसपास लंच टेबलवर अचानक 'डॅक', 'फ्लोअरस्टँडर', 'व्हिनाइल' असलं काहीतरी बोलायला लागतात. ज्याच्याकडे ब्लूटूथ स्पीकर आहे, त्याला साउंडबार हवा असतो. साउंडबारवाल्याला खराखुरा स्टिरिओ. स्टिरिओवाल्याला टर्नटेबल. आणि टर्नटेबलवाल्याला वाटतं, आपली पिन जरा साधीच आहे, नाही का? जगभरातले शौकीन या आजाराला गमतीने 'अपग्रेडायटिस' म्हणतात. यावर औषध नाही, फक्त ईएमआय आहे.

मीही त्याच जमातीतली. फ्रीलान्सर असल्यामुळे बोनस वगैरे भानगड नाही, पण अडकलेली तीन पेमेंट्स एकाच आठवड्यात जमा झाली की माझीही नजर अॅम्प्लिफायरच्या फोटोंकडे वळतेच. या नादात आपण काय काय विचारतो बघा. वॉट किती? ओहम किती? हाय-रेझ आहे का? वायर कुठली? एक प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. ऐकणार कोण आहे, आणि त्याला किती ऐकू येतं? गेल्या वर्षी आमच्या घरात हा प्रश्न पंच्याहत्तर हजार रुपयांच्या निमित्ताने समोर आला.

झालं असं, की बाबांची एकसष्टी होती. दादाने आणि मी मिळून पंच्याहत्तर हजार बाजूला काढले होते. पूजा, पेढे, नातेवाईक हे सगळं आईचं खातं. आमचं खातं एकच, बाबांना नवीन म्युझिक सिस्टिम. जुनी त्यांनी १९९४ च्या दिवाळीला घेतली होती. माझ्या जन्माच्याही आधी! ४० वॉटचा अॅम्प्लिफायर, डबल कॅसेट डेक आणि गुडघ्याएवढे दोन स्पीकर. पुढे त्याला सीडी प्लेअर जोडला गेला, मग माझा जुना फोन. रविवारी सकाळी चहा आणि किशोरीताई, हा आमच्या घरातला नियम. आम्हाला झोपेतून उठवायला अलार्म कधी लागलाच नाही.

पण गेली दोनेक वर्षं तो रविवार हळूहळू बंद पडत चालला होता. बाबा सिस्टिम लावायचे, आवाज वाढवायचे, अजून वाढवायचे, आणि मग वैतागून बंद करायचे. "गढूळ येतोय गं आवाज. सिस्टिम म्हातारी झाली." आई म्हणायची, "अहो, वरच्या मजल्यावर ऐकू जातंय." मग बाबा मुकाट्याने टीव्हीवर बातम्या लावून बसायचे. ज्या माणसाने आम्हाला भूप आणि देसकार यातला फरक पोळी खाता खाता शिकवला, तो माणूस गाणं ऐकेनासा झाला होता. त्यामुळे हे गिफ्ट आमच्यासाठी नुसतं गिफ्ट नव्हतं.

तर एका शनिवारी आम्ही तिघं दुकानात. दुकान एकदम पॉश. एसी, सोफा, मंद दिवे. सेल्समनने पहिल्याच मिनिटात ठरवून टाकलं, की यातलं कळतं ते फक्त दादाला. प्रश्न मी विचारायचे, उत्तर दादाला मिळायचं. "सर, यात बास सॉलिड आहे." दादाला बास म्हणजे 'पुरे' एवढंच माहीत! असो. त्याने डेमो म्हणून एक धडामधुडूम इंग्लिश ट्रॅक लावला, तोही चांगल्या मोठ्या आवाजात.

इथे एक फंडा लक्षात ठेवा. दोन सिस्टिम्समध्ये जिचा आवाज अगदी किंचित, एखाद-दुसऱ्या डेसिबलने मोठा असेल, ती आपल्या कानाला 'जास्त क्लिअर' वाटते. मोठी नाही, चांगली वाटते. त्यामुळे तुलना करायची तर दोन्हीचा आवाज सारखा करून घ्या, आणि आपल्या रोजच्या ऐकण्यातलं गाणं घेऊन जा. मी तेच केलं. किशोरीताईंचा भूप लावायला सांगितला.

आणि खरं सांगते, काय सुंदर वाजला तो! गळ्यातली प्रत्येक हरकत, मागे तानपुऱ्याची जवारी, तबल्याची शाई... सगळं जागच्या जागी. दादासारखा औरंगजेबसुद्धा फोन खाली ठेवून ऐकत होता. बाबा डोळे मिटून बसले होते. दोन-तीन मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले आणि अगदी सहज विचारलं, "छान आहे. पण यात तानपुरा का नाही?"

दादाने माझ्याकडे बघितलं. मी सेल्समनकडे. सेल्समनने, पहिल्यांदाच, माझ्याकडे. तानपुरा तर सगळीकडे भरून राहिला होता.

त्या दिवशी आम्ही काहीच विकत घेतलं नाही. पुढच्या आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. बाबांना काचेच्या दारामागे हेडफोन लावून बसवलं, ऐकू आलं की बटण दाबायचं. पंधरा-वीस मिनिटांत ऑडिओग्राम हातात. डावीकडून सरळ चाललेली रेघ मध्यावरून उजवीकडे खाली उतरत गेलेली, सिंहगडावरून उतरावं तशी. वयाबरोबर कान आधी वरच्या, म्हणजे बारीक आणि तीक्ष्ण ध्वनींना मुकतो. माणसाच्या कानाची कागदोपत्री रेंज २० ते २०,००० हर्ट्झ. पण तो वरचा टप्पा विशीनंतरच झिजायला लागतो. साठीपर्यंत बऱ्याच जणांच्या बाबतीत ही झीज बोलण्यातल्या स, श, फ पर्यंत येऊन पोचते.

आता तानपुऱ्याचं कोडं सुटतं बघा. तानपुऱ्याची तार छेडल्यावर मूळ स्वर तर येतोच, पण त्याची खरी जादू जवारीत. पुलावर तारेखाली सुताचा धागा सरकवून जो झणकार काढतात, तो म्हणजे वरच्या स्वरांशांचा पिसारा. बाबांच्या कानात नेमका तो पिसाराच पोचत नव्हता. आवाज वाढवला की खालचा घुमारा आणखी वाढायचा, वरचं तसंच गायब. म्हणून 'गढूळ'. जगातला सगळ्यात महागडा स्पीकर आणला असता, तरी गढूळच आला असता.

बाबा परतीच्या रिक्षात गप्प होते. घर आल्यावर एवढंच म्हणाले, "म्हणजे सिस्टिम नाही, मीच म्हातारा झालो." त्यावर काय बोलायचं असतं, हे मला मास कम्युनिकेशनच्या डिग्रीत शिकवलेलं नव्हतं. आईने मात्र शिकवलेलं असावं. ती आतून म्हणाली, "चष्मा चाळिशीत लागला तेव्हा नाही झालात ते म्हातारे?"

मग आम्ही पंच्याहत्तर हजारांचा हिशेब नव्याने मांडला. सिस्टिम अपग्रेड करायचीच, पण क्रम लावून. आणि क्रम असा की ज्याने सगळ्यात जास्त फरक पडतो, ते आधी.

पहिला नंबर, कान. दोन्ही कानांची श्रवणयंत्रं, ५२,००० रुपये. एवढे पैसे घालूनही पहिल्या दिवशी फजिती! बाबांनी यंत्रं लावून भूप लावला, तर तानपुरा आला खरा, पण थरथरत आणि मध्येच गायब होत. ऑडिओलॉजिस्टकडे गेल्यावर कारण कळलं, आणि ते भारी इंटरेस्टिंग आहे. ही यंत्रं मुळात बोलणं ऐकण्यासाठी बनवलेली असतात. एकसारखा चालू राहणारा आवाज, म्हणजे पंखा, एसी, ट्रॅफिक, हा गोंगाट समजून ती दाबून टाकतात. लांबलेला शुद्ध स्वर आला की त्यांना वाटतं, ही आपलीच शिट्टी वाजतेय, आणि ती तो कापायला धावतात. आता एकसारखा चालू राहणारा, लांबलेला स्वर म्हणजे आणखी काय? तानपुरा! बिचाऱ्या यंत्राला तो पंखा वाटत होता. यावर उपाय म्हणजे संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम. त्यात गोंगाट दाबणं बंद, शिट्टी पकडणं अगदी कमी. तीन फेऱ्या लागल्या तो जमायला. घरात कुणासाठी यंत्र घेणार असाल, तर हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारा.

दुसरा नंबर, खोली. आमचा हॉल १२ बाय १० फूट. खाली गुळगुळीत टाइल्स, समोर काच, बाजूला उघड्या भिंती. थोडक्यात, बाथरूमसारखा घुमणारा. त्यात एक स्पीकर शोकेसवर, दुसरा फ्रीजच्या कोपऱ्यात. तुम्ही हसाल, पण तुमच्या घरी जाऊन बघा. कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरचा बास फुगतो, कारण तीन बाजूंनी तो परत फेकला जातो. शिवाय प्रत्येक खोलीचे स्वतःचे लाडके स्वर असतात. १२ फुटांच्या भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झ आणि १० फुटांच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा आवाज घुमत राहतो, आणि तो गाण्यावर सायीसारखा पसरतो. आम्ही दोन स्टँड करून घेतले, ३,००० रुपये. स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणले, ट्वीटर कानाच्या उंचीला. दोन स्पीकर आणि बाबांची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण. सातवीतली भूमिती शेवटी कामाला आली. जाड पडदे आणि मोठी सतरंजी, ६,००० रुपये. समोरच्या भिंतीला आईची दिवाळी अंकांची मांडणी, फुकट. त्या उंच-सखल कडा आवाज छान विखरून टाकतात. आईला हे कळल्यापासून एकही अंक रद्दीत जात नाही.

तिसरा नंबर, स्पीकर. इथे बाबांचं निदान अर्धं बरोबर निघालं. जाळी काढली तर आतल्या कोनभोवतीची फोमची रिंग हात लावताच भुगा होऊन पडली. जुन्या स्पीकर्सचा हा ठरलेला आजार. पंधरा-वीस वर्षांत, दमट हवेत त्याआधीही, फोम सडतो. पण कोन, मॅग्नेट, कॉइल सगळं धडधाकट असतं. माणसं मात्र अख्खा स्पीकर भंगारात देतात. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारत गेलात, तर रिंग बदलून देणारी माणसं अजून सापडतात. आमच्या दोन्ही स्पीकर्सचे मिळून ४,००० झाले. त्याच काकांनी अॅम्प्लिफायरच्या खरखरणाऱ्या व्हॉल्यूम नॉबमध्ये क्लीनर मारून दिला, वर म्हणाले, "ताई, हा विकू नका हं."

अॅम्प्लिफायर बदललाच नाही. का? साधं गणित. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल वाढवावे लागतात, आणि १० डेसिबल म्हणजे दसपट वॉट. म्हणजे ४० वॉटच्या दुप्पट ऐकायचं तर ४०० वॉट हवेत! आणि ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर एका वॉटमध्ये एका मीटरवर ८८ डेसिबल देतो, म्हणजे मिक्सर चालू असल्यासारखं. फ्लॅटच्या हॉलमध्ये आपण बहुतेक वेळ एक-दोन वॉटच वापरत असतो. लहानपणी टेपवर '१००० वॉट पीएमपीओ' लिहिलेलं असायचं, आठवतं? त्या आकड्याला तेव्हाही अर्थ नव्हता. बघायचंच तर आरएमएस बघा.

चौथा नंबर, सोर्स. फोनमधल्या गाण्याला चांगला रस्ता मिळावा म्हणून एक छोटा डॅक, वायर धरून ५,०००. वायर म्हणजे साधी तांब्याची, १६ गेजची. तीन-चार मीटरसाठी तिच्याहून जास्त काही लागत नाही. हाय-रेझचा सोनेरी स्टिकर आम्ही शोधलाच नाही. सीडी १९८२ मध्ये आली ती १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ घेऊन, आणि त्यात २० किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं मावतं. मेयर आणि मोरन या दोघांनी २००७ साली ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये एक प्रयोग मांडला होता. हाय-रेझ रेकॉर्डिंग सरळ ऐकवायचं, आणि मग तेच सीडीच्या क्वालिटीतून गाळून. ऐकणाऱ्याला कुठलं कुठलं ते सांगायचं नाही. ५५४ वेळा विचारल्यावर बरोबर उत्तरांचं प्रमाण आलं जवळपास निम्मं. म्हणजे छापा-काटा करूनही तेवढंच आलं असतं. तुमचा पैसा चांगल्या रेकॉर्डिंगवर घाला. वाईट रेकॉर्डिंग हाय-रेझमध्ये ऐकलं, तर ते फक्त स्पष्टपणे वाईट ऐकू येतं.

बेरीज सत्तर हजार. उरलेल्या पाचात एकसष्टीचं आमरस-पुरीचं जेवण.

आता तुम्ही म्हणाल, छान आहे, पण आमचा काय संबंध? आम्ही सत्तावीस वर्षांचे. बॉस, संबंध तुमचाच आहे. बाबांच्या कानांनी सगळं आयुष्य हॉलमधल्या स्पीकरवर गाणी ऐकली. आपण बसमध्ये, लोकलमध्ये, जिममध्ये, ऑफिसच्या ओपन प्लॅनमध्ये, दिवसाचे सहा-सात तास कानाच्या भोकात स्पीकर खुपसून बसलेले असतो. बाहेरचा गोंगाट जितका मोठा, तितकं आपलं गाणं त्याच्या वर. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा, की ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतील. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला पाच. ही उधारी आहे. आज स्वाइप केलेलं कार्ड, आणि बिल येणार पन्नाशीत. आतल्या कानातल्या ज्या बारीक केसपेशी ऐकण्याचं काम करतात, त्या माणसात एकदा गेल्या की परत उगवत नाहीत. तिथे कुठलंही अपग्रेड उपलब्ध नाही, बायबॅक ऑफरही नाही.

म्हणून या सीझनला दुकानात जाण्याआधी एक काम करा. ऑडिओग्राम काढून घ्या. एका चांगल्या डिनरपेक्षा स्वस्त पडतो. तो तुमचा बेसलाइन. पाच वर्षांनी परत काढाल तेव्हा तुलना करायला काहीतरी असेल. हेडफोनवर खर्च करणारच असाल, तर नॉइज कॅन्सलिंगवर करा. बाहेरचं शांत झालं की आतलं कमी ठेवता येतं, हाच त्याचा खरा फायदा. कानात शिट्टी वाजत असेल, किंवा मीटिंगमध्ये सारखं 'काय म्हणालास?' विचारावं लागत असेल, तर हेडफोनच्या रिव्ह्यूऐवजी डॉक्टरचा नंबर शोधा. आणि आई-बाबा टीव्हीचा आवाज वाढवायला लागले असतील, तर ओरडू नका. त्यांच्या शेजारी बसून एखादं जुनं गाणं लावा आणि विचारा, मागे काय काय वाजतंय? त्यांच्या उत्तरावरून बरंच काही कळेल.

स्पीकर काय, तीस वर्षांनीसुद्धा चार हजारांत उभा राहतो.